इमारतच माणसं मारते, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलला कसं कळलं?

तुम्ही हे वाचताय ती खोली रिकामी नाही. तुमच्याशिवाय तिथे कुणी नसलं तरी भिंतीवर, पंख्याच्या पात्यांवरच्या धुळीत, एसीच्या जाळीत, बेसिनच्या नळीत आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या कोपऱ्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, बरेचसे तर आपल्याच अंगावरून तिथे पडलेले. हल्ली यावर मोठं संशोधन चालतं. पण घर, बराक किंवा हॉस्पिटल ही इमारतच माणसाला आजारी पाडू शकते, हे जंतूंची नीट ओळख होण्याआधी आकडे मांडून दाखवणारी एक बाई होऊन गेली. शाळेत तिचा धडा होता. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमधून फिरणारी, तीच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. गावाचंच नाव मुलीला. मोठी बहीण नेपल्सला जन्मली, तर तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी! घरात पैसा भरपूर, इंग्लंडमध्ये दोन मोठी घरं. वडिलांनी दोघी मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला गणिताचं वेड होतं. आकड्यांचे तक्ते वाचायला तिला मनापासून आवडायचं आणि हीच आवड पुढे हजारो लोकांच्या कामी आली.

नर्स व्हायचं म्हटल्यावर घरी वादळ झालं. त्या काळी इंग्लंडमध्ये नर्स म्हणजे गरीब, अशिक्षित आणि दारू पिणारी बाई, अशी समजूत होती. चांगल्या घरातली मुलगी हॉस्पिटलची पायरी चढणार ही कल्पनाच आईला आणि बहिणीला सहन होत नव्हती. कित्येक वर्षं असं ओढाताणीत गेल्यावर १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैसर्सवर्थ इथे तिने काही महिने शिक्षण घेतलं. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर आजारी बायकांच्या एका छोट्या संस्थेची ती प्रमुख झाली. तिथे जाताच तिने गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर न्या, जेवण वर चढवायला लिफ्ट बसवा, अशा मागण्या केल्या. रोग्याची सेवा इमारतीपासून सुरू होते हे तिला तेव्हाच दिसत होतं, असं म्हणायला जागा आहे.

मग क्रिमियाचं युद्ध आलं. रशियाविरुद्ध ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. लढाई काळ्या समुद्राच्या उत्तरेला आणि ब्रिटिशांचं मुख्य हॉस्पिटल समुद्र ओलांडून स्कुटारीला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या उस्कुदारला. जखमी सैनिकांचे तिथे काय हाल चाललेत याच्या बातम्या लंडनच्या टाइम्समध्ये छापून आल्या आणि देश खवळला. युद्धखात्याचा मंत्री सिडनी हर्बर्ट फ्लॉरेन्सचा मित्र होता. त्याने तिला ३८ नर्सेस घेऊन पाठवलं. ४ नोव्हेंबर १८५४ ला ती स्कुटारीला उतरली.

हॉस्पिटल म्हणजे तुर्की सैन्याची एक अवाढव्य बराक होती. मधे मोठं चौकोनी अंगण, चार कोपऱ्यांना मनोरे आणि न संपणाऱ्या लांबच लांब पडव्या. लांबून पाहिली तर राजवाडाच! आत मात्र जमिनीवर गवताच्या गाद्या आणि त्यांवर दाटीवाटीने पडलेली माणसं. डॉक्टरांनी सुरुवातीला या बायकांना वॉर्डात पाऊलही टाकू दिलं नाही. इंकरमनच्या लढाईनंतर जखमींची रीघ लागली, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला.

फ्लॉरेन्सने फरशी घासायचे ब्रश मागवले. एक घर भाड्याने घेऊन तिथे पाणी तापवायची मोठी भांडी बसवली आणि सैनिकांच्या बायकांना कपडे धुण्याच्या कामाला लावलं. स्वच्छ शर्ट आले, बरं जेवण आलं, औषधं वेळेवर मिळू लागली. रात्री ती दिवा घेऊन पडव्यांमधून फिरायची. हा दिवा चित्रात दाखवतात तसा अल्लाउद्दीनच्या गोष्टीतला नव्हता. तो घडी घालता येणारा तुर्की कंदील होता. चित्रकारांना तो आवडला नसावा.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. धड्यात सहसा नसतो तो पुढचा भाग.

फ्लॉरेन्स आली, फरशा स्वच्छ झाल्या, कपडे स्वच्छ झाले, आणि तरीही माणसं मरत राहिली. नुसती मरत राहिली नाहीत, त्यांचं प्रमाण वाढत गेलं. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीतल्या मृत्यूंचा दर शंभर रोग्यांमागे जवळजवळ ४३ वर पोहोचला. यातले जखमांनी मेलेले थोडे. बाकीचे जुलाब, हगवण, कॉलरा, टायफस असल्या रोगांचे बळी. हाताला गोळी लागली म्हणून आलेला माणूस हगवणीने जायचा.

मार्चमध्ये लंडनहून एक सॅनिटरी कमिशन आलं. डॉ. जॉन सदरलंड, डॉ. हेक्टर गॅव्हिन आणि इंजिनीअर रॉबर्ट रॉलिन्सन. या मंडळींनी रोग्यांकडे न बघता इमारतीकडे बघितलं. आणि जे दिसलं ते भयंकर होतं. सगळी बराक मैल्याच्या तुंबलेल्या गटारांवर उभी होती. संडासांच्या नळ्यांना हवा जायला वाटच नव्हती, त्यामुळे वारा सुटला की गटारातली घाण हवा उलटी वर येऊन वॉर्डात भरायची. प्यायचं पाणी ज्या वाटेने यायचं तिथे मेलेला घोडा कुजत पडला होता. भिंतींच्या गिलाव्यात वर्षानुवर्षांची ओल आणि घाण मुरलेली.

कमिशनने गटारं धुऊन काढली, पाण्याची वाट साफ केली, छपरांना हवा जायला झरोके पाडले आणि भिंतींना चुना मारला. पहिल्या पंधरवड्यातच ५०० हून जास्त हातगाड्या आणि टोपल्या भरून कचरा निघाला. मेलेली जनावरं पुरावी लागली ती वेगळीच. जूनमध्ये मृत्यूचा दर शंभरी २ च्या आसपास आला.

सगळं श्रेय गटारांच्या सफाईला देता येणार नाही. हिवाळा संपत आला होता, नवे रोगी कमी येत होते, गर्दी ओसरली होती आणि उतार मार्चच्या आधीच सुरू झाला होता. इतिहासकारांत यावर अजून वाद चालतो. पण इमारत दुरुस्त झाली आणि मरणाचं प्रमाण खाली आलं ते पुन्हा वर गेलं नाही, ही गोष्ट फ्लॉरेन्सच्या डोळ्यांसमोर घडली.

गंमत म्हणजे तिला त्याचा अर्थ तेव्हा नीट लागला नव्हता. अन्न अपुरं, कपडे अपुरे, माणसं क्रिमियाहून येतानाच अर्धमेली होऊन येतात, म्हणून ती मरतात, असं तिचं मत होतं. १८५६ च्या ऑगस्टमध्ये ती मिस स्मिथ या खोट्या नावाने गुपचूप इंग्लंडला परतली. सत्कार नको होते. राणी व्हिक्टोरियाला भेटून तिने सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारं रॉयल कमिशन नेमावं असा आग्रह धरला. चौकशीच्या तयारीत तिची गाठ विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाशी पडली. इंग्लंडमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदींचा हा माणूस राजा होता.

दोघं आकडे घेऊन बसले. युद्धात २०,००० हून जास्त ब्रिटिश सैनिक गेले, त्यातले सुमारे १६,००० रोगांनी. शत्रूच्या हातून मेलेले त्यामानाने फारच थोडे. आणि त्या हिवाळ्यात आघाडीवरच्या तंबूंतल्या गैरसोयीच्या दवाखान्यांपेक्षा, दूर सुरक्षित असलेल्या, नर्सेस असलेल्या स्कुटारीत मरण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे ज्या हॉस्पिटलमुळे ती देवता झाली होती, तेच सर्वांत जास्त माणसं गिळत होतं. ती तिथे असताना.

१८५७ मध्ये ती अंथरुणाला खिळली. हा आघात त्याचं कारण असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. इतरांच्या मते क्रिमियात मे १८५५ मध्ये तिला जो ताप आला तो ब्रुसेलोसिस होता आणि तोच पुढे कित्येक वर्षं उसळत राहिला. हा रोग जनावरांच्या कच्च्या दुधातूनही होतो. त्याचा जंतू सापडला १८८७ मध्ये, माल्टात. जंतूंवर विश्वास नसलेल्या बाईला एका जंतूनेच आयुष्यभर छळलं असेल तर काय म्हणावं!

पण अंथरुणावर पडून तिने जे केलं ते स्कुटारीपेक्षा मोठं होतं. तिने ८०० हून जास्त पानांचा एक गोपनीय अहवाल लिहिला आणि स्कुटारीचं अपयश लपवलं नाही. मंत्र्यांना तक्ते वाचायचा कंटाळा असतो हे ओळखून तिने गोल, फुलाच्या पाकळ्यांसारखे रंगीत आलेख काढले. निळी पाकळी टाळता येण्याजोग्या रोगांच्या मृत्यूंची, लाल जखमांची. निळ्यापुढे लाल अगदीच चिमुकली दिसायची. तिने हेही दाखवलं की शांततेच्या काळात, खुद्द इंग्लंडात, बराकीत राहणारे धडधाकट तरुण सैनिक त्याच वयाच्या सामान्य नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात. युद्ध नाही, गोळी नाही. मग उरलं काय? बराक.

इथून पुढे ती इमारतींच्या मागे लागली. १८५९ मध्ये तिचं हॉस्पिटलांवरचं पुस्तक आलं. हॉस्पिटल म्हणजे एक भला मोठा वाडा नको, तर सुटे सुटे लांबट वॉर्ड हवेत, हे त्यातलं मुख्य म्हणणं. एका वॉर्डात ३० च्या आसपास खाटा, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या, छत उंच, दोन खाटांत ऐसपैस जागा. भिंती गिलाव्याच्या नकोत कारण गिलावा घाण शोषतो. जे काही शोषत नाही आणि धुता येतं तेच हवं. संडास वॉर्डाच्या टोकाला, मधे हवा खेळती. ही रचना तिच्या एकटीच्या डोक्यातली नव्हती. पॅरिसच्या लारिबोआझिए हॉस्पिटलात ती आधीच होती. पण तिच्या नावामुळे आणि आकड्यांमुळे ती जगभर गेली, आणि अशा वॉर्डांना नाइटिंगेल वॉर्ड हेच नाव पडलं.

घरांनाही तिने सोडलं नाही. नर्सिंगवरच्या तिच्या छोट्या पुस्तकात घराच्या आरोग्यासाठी पाच गोष्टी आहेत: शुद्ध हवा, शुद्ध पाणी, गटारांची सोय, स्वच्छता आणि उजेड. गालिचे आणि कागद लावलेल्या भिंती तिला बिलकूल आवडत नसत. पिसांच्या झाडणीने धूळ फक्त इकडची तिकडे होते, ती ओल्या फडक्याने पुसावी, असं तिने लिहून ठेवलंय. दिवाळीच्या आधी कपाटांवर फडका मारणाऱ्या कुणालाही हे पटेल. नर्सने दिवसभरात वारंवार हात धुवावेत हेही त्याच पुस्तकात आहे.

सगळीकडे ती जिंकली असं नाही. साउथॅम्प्टनजवळ नेटलीला सैन्याचं प्रचंड हॉस्पिटल बांधायला घेतलं होतं, जुन्याच पद्धतीने. लांब पडव्या, दिखाऊ दर्शनी बाजू, आणि वॉर्ड मागच्या बाजूला कोंदट. तिने थेट पंतप्रधान पामरस्टनला गाठलं. त्यालाही पटलं. पण पैसा आधीच ओतला होता. हॉस्पिटल तसंच पूर्ण झालं.

तिची सर्वांत मोठी चूक मात्र सांगायलाच हवी. रोग दूषित हवेतून, दुर्गंधीतून आपोआप उपजतो असं ती मानायची. एका माणसाचा रोग दुसऱ्याला चिकटतो ही कल्पना तिला अडाणीपणाची वाटे. कोंदट खोलीत देवी नव्याने जन्म घेताना आपण पाहिल्या आहेत असंही तिचं ठाम म्हणणं होतं. हे साफ चूक होतं. लुई पाश्चर, जोसेफ लिस्टर, रॉबर्ट कॉख यांच्या कामानंतर जग बदललं आणि तीही हळूहळू बदलली. १८८० च्या दशकातल्या तिच्या लिखाणात जंतुनाशकं दिसू लागतात. पण उशीर झालाच.

या चुकीची किंमतही तिने पाहिली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात तिच्या निधीतून सुईणींच्या शिक्षणासाठी बाळंतिणींचा वॉर्ड सुरू झाला होता. खिडक्या होत्या, स्वच्छता होती, शिकलेल्या नर्सेस होत्या. तरी बाळंतपणानंतरचा ताप आला आणि बायका मरायला लागल्या. १८६७ मध्ये वॉर्ड बंद करावा लागला. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइसने वीस वर्षं आधीच दाखवलं होतं की हा ताप मुडदे चिरून आलेल्या डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांवरून बायकांपर्यंत जातो.

दुसऱ्या कुणी गप्प बसून विषय मिटवला असता. फ्लॉरेन्सने पुन्हा आकडे गोळा केले आणि १८७१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. निष्कर्ष अवघड होता. घरी बाळंत होणाऱ्या बायकांत मृत्यू हजारी साधारण ५. प्रसूतिगृहांत त्याच्या कितीतरी पट. म्हणजे गरीब बाईची अंधारी खोलीसुद्धा प्रसूतिगृहापेक्षा सुरक्षित होती. मग तिने उपाय सुचवले: बाळंतिणी एकत्र ठेवू नका, छोट्या सुट्या खोल्या करा, आणि मुडदे चिरणाऱ्या विद्यार्थ्यांना तिकडे फिरकू देऊ नका. जंतू न मानता ती जंतूंच्या अगदी दाराशी येऊन पोहोचली होती.

कारण चूक, तरी वॉर्ड बरोबर कसे? याचं उत्तर आता मिळतं. क्षयासारख्या रोगाचे जंतू बंद खोलीच्या हवेत तरंगत राहतात. बाहेरची हवा जितकी येईल तितके ते विरळ होतात. उन्हाने जिवाणू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवलं. कोरड्या, न शोषणाऱ्या भिंतीवर बुरशीला आणि बहुतेक जिवाणूंना वाढायला ओल मिळत नाही. आणि गटार पिण्याच्या पाण्यापासून दूर गेलं की हगवण आणि कॉलऱ्याची वाट बंद होते. दुर्गंधी ही खूण होती, तिने तिलाच कारण समजलं. पण खुणेच्या मागे लागून खरं कारणही हटलं.

पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ हॉस्पिटलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारं उघडली की खोल्यांतली हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती. क्षयाच्या रोग्यांसाठी यंत्राने हवा खेळवायच्या खोल्यांना १२ वेळांची शिफारस असते. आणि उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींपेक्षा चांगल्या ठरल्या. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये एका हॉस्पिटलच्या खोल्यांतली हवा तपासली, तेव्हा खिडकी उघडी असलेल्या खोलीत जिवाणूंचे प्रकार जास्त सापडले. बंद, यंत्राची हवा असलेल्या खोलीत प्रकार कमी, पण माणसांत रोग करणाऱ्या जिवाणूंचे नातेवाईक जास्त. म्हणजे खोली निर्जंतुक होत नाही, तिथे कोण राहणार एवढंच ठरतं. शिकागोत एक नवं हॉस्पिटल २०१३ मध्ये उघडलं, तेव्हा संशोधकांनी आधीपासून नमुने घेऊन ठेवले होते. रोगी आले आणि खाटांच्या कठड्यांवरचे, फरशीवरचे जंतू बदलून माणसाच्या त्वचेवरच्यांसारखे झाले. अर्थात वॉर्डाच्या सगळ्याच कल्पना टिकल्या नाहीत. एका खोलीत ३० रोगी ठेवणं आज कुणी सुचवणार नाही.

या सगळ्यात भारत कुठे? बराच आहे. ती भारतात कधीच आली नाही. पण १८५९ पासून भारतातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी सुरू झाली, तेव्हा तिने छावण्यांना प्रश्नांचे छापील तक्ते पाठवले. पाणी कुठून येतं, गटारं आहेत का, बराकीत माणसं किती? उत्तरांचे ढीग तिच्या घरी येऊन पडले. सैनिक वर्षाला हजारी ६९ या दराने मरत होते. पाणी भिस्त्याच्या मसकीतून, गटारं जवळपास नाहीतच, बराकी कोंबलेल्या. १८७३ मध्ये हा दर १८ वर आल्याचं तिने मांडलं.

तिला हेही उमगलं की छावणीला कुंपण घालून काही होत नाही, शेजारचं गावच निरोगी झालं पाहिजे. मग तिचा मोर्चा भारतीय लोकांच्या आरोग्याकडे, पाटबंधाऱ्यांकडे, दुष्काळाकडे वळला. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर तिचे मित्र आणि मुंबईच्या स्वच्छतेच्या कामाची ती कौतुकाने उदाहरणं द्यायची. दादाभाई नौरोजींशी तिचा पत्रव्यवहार होता. खेड्यांच्या स्वच्छतेवरून पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही. सत्तरी गाठलेली बाई लंडनच्या खोलीत बसून आपल्याकडच्या गावांच्या विहिरींची आणि उकिरड्यांची चिंता करत होती.

ती खोली साउथ स्ट्रीटवरच्या घरात होती. भिंती पांढऱ्या, पडदे नाहीत, उजेड भरपूर. आयुष्याची शेवटची ४५ वर्षं तिने बरीचशी याच घरात काढली. दृष्टी गेली, मग आठवणही धूसर झाली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळालेली ती पहिली स्त्री, पण तोवर तिला त्याचं फारसं भान राहिलं नव्हतं. १३ ऑगस्ट १९१० ला दुपारी झोपेतच ती गेली, वयाच्या ९० व्या वर्षी. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करायचा प्रस्ताव घरच्यांनी नाकारला. हॅम्पशरमधल्या ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात तिची कबर आहे. दगडावर नाव नाही. आद्याक्षरं आणि दोन तारखा, एवढंच.